विद्युतभार नसलेल्या न्यूट्रॉनच्या ताऱ्याला चुंबकत्व कोठून येते?

रंकाळाकाठ:
मी कोल्हापुरात अकरावीला भौतिकशास्त्र शिकवतो. काल चुंबकत्वाच्या तासाला मॅग्नेटारचा, म्हणजे अतिप्रबळ चुंबकीय क्षेत्र असलेल्या न्यूट्रॉन ताऱ्याचा (स्फोट पावलेल्या मोठ्या ताऱ्याच्या दाबल्या गेलेल्या गाभ्याचा) विषय निघाला, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले की, चुंबकीय क्षेत्राला विद्युतप्रवाह लागतो आणि न्यूट्रॉनला तर विद्युतभारच नसतो, मग हा तारा सर्वांत प्रबळ चुंबक कसा? मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

घाटावरचा:
सर, प्रश्न रास्त आहे. घोटाळा नावाने केला आहे. न्यूट्रॉन ताऱ्यात निव्वळ न्यूट्रॉन नसतात. काही टक्के प्रोटॉन आणि त्यांचा भार तोलणारे इलेक्ट्रॉनही असतात, आणि बाहेरचे कवच तर अणुकेंद्रांच्या स्फटिकाचे असते. हे द्रव्य विजेचे इतके उत्तम वाहक असते की, त्यात एकदा सुरू झालेले प्रवाह हजारो वर्षे सहज टिकतात.

माळावरून:
वरील उत्तर योग्यच आहे, परंतु त्यातून क्षेत्राचे प्राबल्य उलगडत नाही. सूर्याच्या सुमारे दीडपट वस्तुमान कोल्हापूर ते पन्हाळा एवढ्या व्यासात दाबले जाते, तेव्हा मूळ ताऱ्याच्या क्षेत्ररेषाही दाटतात. पण तेवढ्याने साधारण पल्सारचे (नियमित स्पंद देणाऱ्या, फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्याचे), म्हणजे १० चा १२ वा घात इतक्या गॉसचे (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) क्षेत्र मिळते. मॅग्नेटारचे क्षेत्र १० च्या १५ व्या घातापर्यंत जाते. म्हणून १९९२ मध्ये रॉबर्ट डंकन आणि ख्रिस्तोफर थॉम्पसन यांनी असे मांडले की, जन्मानंतरच्या पहिल्या काही सेकंदांत तारा अतिवेगाने फिरत असेल, तर आतील खळबळणारे द्रव्यच डायनॅमो बनून क्षेत्र वाढवते. जनक ताराच मुळात प्रबळ चुंबकीय असावा, असेही एक मत आहे. मला पहिले अधिक पटते.

रंकाळाकाठ:
आभारी आहे. परंतु हे क्षेत्र मोजले कसे?

माळावरून:
फिरण्याच्या मंदावण्यावरून; क्षेत्र जितके प्रबळ, तितके ते ताऱ्याचे फिरणे लवकर मंदावते. एसजीआर १८०६-२० या मॅग्नेटारची स्वतःभोवतीची एक फेरी सुमारे साडेसात सेकंदांची आहे, आणि ती ज्या दराने लांबत होती त्यावरून १९९८ मध्ये क्रिसा कुव्हेलिओतू व सहकाऱ्यांनी सुमारे ८ गुणिले १० चा १४ वा घात गॉस हा आकडा काढला.

घाटावरचा:
वर्गासाठी एक गणित सुचवतो. चंद्राच्या जागी मॅग्नेटार असता तर आपली एटीएम कार्डे पुसली गेली असती, असे हौसेने सांगितले जाते. क्षेत्र अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटते. त्रिज्या १० किलोमीटर, पृष्ठभागावर १० चा १५ वा घात गॉस आणि अंतर ३,८४,००० किलोमीटर धरून मुलींना आकडेमोड करू द्या. उत्तर जेमतेम १८ गॉस येते, म्हणजे फ्रिजवर चिकटवायच्या चुंबकाहूनही कमी.