एसी लोकल, ईव्हीएम, बारा तासांची पाळी: मत आपलं की पक्षाचं?

कोपरीकर (धागाकर्ता)

आमच्या नाक्यावर चार जण असे आहेत की कुठल्याही नव्या गोष्टीवर त्यांचं मत काय असणार, हे त्यांनी तोंड उघडायच्या आत सांगता येतं. बुलेट ट्रेन घ्या, ईव्हीएम घ्या, कामाचे तास घ्या. ती गोष्ट कोणी आणली एवढं कळलं की झालं, मग यंत्राच्या आत काय आहे हे बघायची गरजच उरत नाही.

आपल्याच भागातलं उदाहरण. मे २०२२ मध्ये एसी लोकलची तिकिटं जवळपास निम्म्यावर आली, फेऱ्या वाढल्या. ऑगस्टमध्ये कळव्याच्या लोकांनी कारशेडमधून निघालेली एसी लोकल अडवली, बदलापूरलाही आंदोलन झालं, आणि मध्य रेल्वेने दहा फेऱ्या मागे घेतल्या. तेव्हा नाक्यावर निम्मे म्हणत होते 'श्रीमंतांची गाडी', उरलेले म्हणत होते 'विकासाला आडवे येतात'. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ दोन खच्चून भरलेल्या लोकल एकमेकींना ओलांडताना दारातली माणसं खाली पडली, जीव गेले. लगेच पहिले निम्मे विचारायला लागले, सगळ्या गाड्यांना बंद दारं का नाहीत? आणि विकासवाले सांगायला लागले, बंद दारात गुदमरून मराल, लोकांनी लटकणंच सोडावं.

ईव्हीएमचं तर विचारूच नका. २००९ ची लोकसभा हरल्यावर मतपत्रिकांकडे परत चला, असं सुचवणारे अडवाणी होते. पुढच्याच वर्षी भाजपच्या जी. व्ही. एल. नरसिंह रावांनी ईव्हीएमविरोधात अख्खं पुस्तक लिहिलं. काँग्रेसला तेव्हा यंत्रात काही खोट दिसत नव्हती. आज कोण काय म्हणतं ते तुम्हाला माहीत आहेच.

कारखान्यात बारा तासांची पाळी महाराष्ट्रात आणणारं सरकार भाजपचं, म्हणून इथे कामगारविरोधी. तमिळनाडूत एप्रिल २०२३ मध्ये द्रमुकने तसंच विधेयक मंजूर केलं, तेव्हा आमचे कामगारप्रेमी मित्र गप्प.

माझं म्हणणं एवढंच: कोण आणतंय ते झाकून मत द्या. जमत नसेल तर ते मत तुमचं नाही, शाखेचं आहे. (कुठलीही शाखा घ्या, ठाण्यात कमी नाहीत.)

कळवा_कारशेड

साहेब, तुम्ही ठाण्याला गाडी पकडता. ठाण्याहून सुटणारी गाडी समोर लागते, तिथे उभं राहून आमच्यावर लिहिणं सोपं आहे.

आंदोलन एसीच्या विरोधात नव्हतं. साध्या लोकलच्या जागी एसी लावली होती. साधा पास घेऊन एसीत चढता येत नाही. त्यात कळव्याची माणसं रुळांतून चालत कारशेडपर्यंत जायची आणि तिथून निघणाऱ्या गाडीत चढून ठाण्याला यायची. नियमात बसत नव्हतं, मान्य. पण कळव्याला सकाळी भरून आलेल्या गाडीत पाय ठेवून दाखवा, मग नियमांवर बोलू. एसीची दारं बंद, म्हणजे तोही मार्ग बंद.

आणि मुंब्र्यानंतर बंद दारं मागितली ती साध्या गाडीला. रेल्वेने जाहीर केलं तेही तेच: बिगर-एसी लोकलला आपोआप मिटणारी दारं, हवा यायला दारांना झडपा, छतावर बाहेरची हवा आत घेणारी यंत्रणा, डबे आतून जोडलेले. आमची गाडी काढू नका, आणि आमच्या गाडीला दारं लावा. यात उलटं काय आहे ते समजावून सांगा.

कोपरीकर

तुम्ही जे मांडलंत त्यावर वाद घालता येतो, म्हणून मला आवडलं. नाक्यावरच्या चौघांपैकी दोघे बसने जातात आणि एक जण २०२० पासून घरून काम करतो. त्यांना झडपा माहीत नाहीत, कारशेड माहीत नाही. तरी मत मात्र तुमच्यापेक्षा ठाम.

ऐरोली_सेक्टर_सतरा

धागाकर्त्याला +१. आमच्या क्षेत्रात हे रोज दिसतं. ईव्हीएमला वायफाय नाही, ब्लूटूथ नाही. कंट्रोल युनिट, बॅलट युनिट आणि व्हीव्हीपॅट (मत कुणाला गेलं त्याची कागदी चिठ्ठी छापणारा डबा) केबलने जोडलेली असतात. बीईएल आणि ईसीआयएल या सरकारी कंपन्या ती बनवतात. हे सांगितलं की 'तू अंधभक्त'. आधारवर शंका घेतली की 'तू देशद्रोही'. ज्यांनी सत्तेबाहेर असताना आधारला विरोध केला त्यांनीच सत्तेत आल्यावर ते सगळ्याला जोडलं, हे आठवून दिलं की दोघेही माझ्यावर.

सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीचं घ्या. डिसेंबर २०२४, गावाने मतपत्रिकांवर स्वतःच पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं आणि प्रशासनाने जमावबंदी लावून थांबवलं. गंमत अशी की गावकऱ्यांचा उमेदवार माळशिरसमधून निवडून आला होता! गावात मतं कमी का पडली, एवढीच तक्रार. जिंकूनही यंत्र खोटं. याला विज्ञान म्हणायचं का?

खाडीपलीकडचा

मी नेरूळला राहतो, नोकरी सगळी तुर्भ्याच्या खाडीपलीकडे झाली. ट्रॉम्बेला, अणुऊर्जा खात्यात. निवृत्त आहे, वेळ आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

सेक्टर सतरा, यंत्राची माहिती तुम्ही बरोबर दिलीत. पण त्यातल्या एका डब्याचा इतिहास सोडलात. व्हीव्हीपॅट आलं कुठून? अभियंत्यांना एका सकाळी सुचलं म्हणून नाही. २००९ नंतर जो आरडाओरडा झाला, तो धागाकर्त्यांच्या मते पक्षीय. होताच पक्षीय. त्यातून सुब्रमण्यम स्वामी न्यायालयात गेले. सप्टेंबर २०१३ मध्ये नागालँडच्या नोकसेनमध्ये व्हीव्हीपॅट पहिल्यांदा वापरलं, आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कागदी पुरावा ही निष्पक्ष निवडणुकीची गरज आहे. आज काचेमागे सात सेकंद चिठ्ठी दिसते ती त्यामुळे. २०१९ मध्ये विधानसभा मतदारसंघामागे एकाऐवजी पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजायला लागल्या, तेही २१ विरोधी पक्षांच्या याचिकेवर. २०२४ मध्ये न्यायालयाने सगळ्या चिठ्ठ्या मोजायची मागणी फेटाळली, पण दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पाच टक्के यंत्रांची मेमरी तपासून मागता येईल असं केलं.

सांगायचं ते असं की हरलेल्याचा संशय स्वार्थी असतो, पण यंत्र सुधारतं त्याच्यामुळेच. जिंकलेल्याला यंत्राच्या आत डोकावायची कधीच गरज पडत नाही.

माझ्या खात्याचंही तसंच. २००८ च्या अणुकराराला डावे आणि भाजप दोघांचा विरोध. २०१० च्या अणुदायित्व कायद्यात पुरवठादारावर जबाबदारी टाकणारं कलम आलं, ते विरोधकांच्या आग्रहाने, त्यात भाजपही होता. तेव्हा आम्ही कॅन्टीनमध्ये चिडायचो की या कलमाने परदेशी अणुभट्ट्या अडतील. अडल्याही. पण सदोष यंत्र विकणाऱ्याने हात वर करू नयेत, ही मागणी अडाणीपणाची होती का? भोपाळ पाहिलेल्या देशात? डिसेंबर २०२५ मध्ये नवा कायदा करून तेच कलम काढलं, ज्यांनी घालायला लावलं त्यांच्याच सरकारने. खासगी कंपन्यांना दारही उघडलं. धागाकर्ते म्हणतील, बघा, रंग बदलला. मी विचारतो, कलम चांगलं होतं की वाईट, यावर तुमचं काय? 'दोघेही ढोंगी' म्हटलं की तो प्रश्न टाळता येतो. हुशार लोकांना ही सवय फार लवकर लागते, आमच्या खात्यात भरपूर पाहिली.

घोडबंदरचा_ट्रक

चहा घेऊन बसलोय. चालू द्या.

माथाडीची_पोर

कोपरखैरणे. बाबा वाशीच्या मार्केटात माथाडी होते.

'कोण आणतंय ते झाका' हे मला पटत नाही, कारण कोण आणतंय हीच आमच्याकडे असलेली एकमेव माहिती असते. बाबांच्या उमेदीत गोणी शंभर किलोची. माणसाचा मणका किती वजन सोसतो हे डॉक्टरांना तेव्हाही माहीत होतं ना? विज्ञान होतं, पुस्तकात होतं. गोणी पन्नास किलोवर आणायची तर मोर्चे, बैठका, संप आणि मंत्र्यांच्या दारात बसणं लागलं. १९६९ चा माथाडी कायदाही तसाच आला, अण्णासाहेब पाटलांनी माणसं उभी केली म्हणून. माथाडी बोर्डात नाव, मालकाने मजुरी बोर्डात भरायची, वर लेव्ही म्हणजे जादा टक्केवारी, त्यातून पीएफ, बोनस, दवाखाना. आज गिगवाल्या पोरांसाठी नवीन म्हणून जे सांगतात, त्यातलं बरंचसं आमच्या बाबांच्या पासबुकात होतं.

आता कुणी सरकत्या पट्ट्याचं यंत्र आणलं आणि विरोध झाला की 'प्रगतीच्या आड येतात'. यंत्राने पाठ वाचते, कोण नको म्हणेल? पण यंत्र आलं की बोर्डातून नाव कमी होतं. पाठ वाचलेल्या माणसाने खायचं काय, याचं उत्तर यंत्राच्या माहितीपत्रकात नसतं. ते यंत्र आणणाऱ्याला विचारावं लागतं. म्हणजे आलंच राजकारण.

ऐरोली_सेक्टर_सतरा

ताई, आदर आहे. पण याच विचाराने ठाण्यातले कारखाने गेले. वागळे इस्टेट काय होती आणि काय झाली! १८ जानेवारी १९८२ चा गिरणी संप, त्या वाऱ्यात ठाणे-बेलापूर पट्टाही पेटला. युनियनने तंत्रज्ञान अडवलं, मालक गुजरातला गेले.

नौपाड्याचा_म्हातारा

अरे बाळा, तू तेव्हा जन्मला होतास का?

मी वागळेत नोकरी केली. युनियनचे लोक काही संत नव्हते. दादागिरी होती, माझ्याच डब्यावर एकदा कुणी तरी पाय दिला होता. पण युनियनने कारखाना बंद पाडला तर त्या जागेवर युनियन नसलेला दुसरा कारखाना यायला हवा होता. आला का? एलबीएस रोडला आणि पोखरण रोडला जाऊन बघ काय उभं आहे. ज्या जमिनीवर कापड किंवा औषध बनवून वर्षाला जेवढे मिळायचे, त्याच्या कितीतरी पट फ्लॅट विकून मिळायला लागले. हे साधं गणित सांगितलं की लोक मला डावा म्हणतात. आयुष्यभर मत कुणाला दिलंय ते घरात विचार, बायको हसेल.

रबाळे_दुसरी_पाळी

धागाकर्ते म्हणतात झाका. झाकलं. आता सांगा, नवव्या तासाला पाय दुखायला लागतात ते कोणत्या पक्षाचे?

सप्टेंबर २०२५ चा मंत्रिमंडळाचा निर्णय असा: कारखान्यात रोजचे ९ चे १२ तास, दुकानं-आस्थापनात ९ चे १०, तिमाहीतला ओव्हरटाइम ११५ वरून १४४ तास. वर कामगाराची लेखी संमती हवी. संमती म्हणजे कामावर घेताना पुढे सरकवलेला कागद. त्या गठ्ठ्यात कुठली संमती कुठे आहे, कोण वाचतो? आणि टीटीसीत (ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात) कंत्राटी पोरं आधीपासून बारा तास भरतात, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. ते नियमात आणलं म्हणजे ओव्हरटाइमचा दुप्पट दर मागता येईल, असं आमच्यातलेच काही म्हणतात. मला पटत नाही, पण म्हणणारे भाजपचे नाहीत.

द्रमुकबद्दल. विधेयक मंजूर झाल्यावर त्यांच्याच आघाडीतले डावे विरोधात उतरले आणि १ मे ला स्टॅलिनना मागे घ्यावं लागलं. तुमचे मित्र गप्प होते, कामगार नव्हते. इकडे भारतीय मजदूर संघानेही केंद्राच्या चार नव्या कामगार संहितांपैकी दोन स्वीकारल्या आणि दोनवर आक्षेप घेतले. संघाचीच संघटना ना? मग कुठे गेला रंग?

कोपरीकर

ज्यांचा पास आहे, ज्यांची पाळी आहे, ज्यांच्या घरात गोणी उचलली गेली, त्यांच्याबद्दल मी लिहिलंच नव्हतं. तुमचं मत कामातून आलंय. माझा आक्षेप ज्यांचं काहीच पणाला नाही त्यांच्यावर, आणि ते संख्येने जास्त आहेत.

आणि नेत्यांवर. डिसेंबर २०२० मध्ये ठाणे महापालिकेच्या महासभेने बुलेट ट्रेनसाठी शिळची जमीन द्यायचा प्रस्ताव दप्तरी दाखल केला, म्हणजे बाजूला ठेवला. महापालिकेत सत्ता शिवसेनेची, जिल्ह्याचे पालकमंत्री एकनाथ शिंदे. जुलै २०२२ मध्ये मुख्यमंत्री तेच शिंदे, आणि राज्याच्या सगळ्या परवानग्या मोकळ्या. मधल्या काळात खाडीखालचा खडक बदलला होता का? बोगदा २१ किलोमीटरचा, त्यातले ७ खाडीखालून, तेव्हाही आणि आताही. खाडीपलीकडचे काका, याला सुधारणा म्हणायचं का?

खाडीपलीकडचा

नाही म्हणणार. तिथे कुणी खडकाबद्दल बोललंच नाही, ना आधी ना नंतर. ईव्हीएमवर निदान आकडे मागितले गेले. पण म्हणून विरोध पक्षीय होता एवढं ठरवून थांबू नका. खारफुटीचं काय, खर्चाचं काय, हे प्रश्न महासभेत कुणी नीट विचारले असते तर त्यांचा पक्ष मी विचारला नसता.

माथाडीची_पोर

कोपरीकर, ज्यांचं पणाला नाही त्यांनी बोलूच नये का? मग बाबांच्या मोर्च्यात कॉलेजची पोरं यायची ती चुकली? त्यांची कुठे पाठ दुखत होती?

कोपरीकर

यावीत की. येण्याआधी गोणी एकदा उचलून बघावी.

आगासनचा

इतका वेळ वाचतोय. शिळ, म्हातार्डी, आगासन ही नावं तुमच्यासाठी प्रकल्पातली स्थानकं आणि बोगद्याची तोंडं आहेत, आमच्यासाठी सातबारा. २०२० मध्ये प्रस्ताव अडला तेव्हा फुलं घेऊन एक जण आला, २०२२ मध्ये सुटला तेव्हा फुलं घेऊन दुसरा. गावकीत दोन्ही वेळा प्रश्न एकच होता: मोबदला किती, कधी, आणि सामायिक सातबाऱ्यावर सह्या कुणाकुणाच्या लागणार. त्याला कुठला रंग लावायचा ते तुम्ही सगळे मिळून ठरवा, मला तलाठी कार्यालयात जायचंय.