मेयोपेक्षा चक्का बरा
उकडलेली अंडी नि काकडीच्या लो कार्ब (पिष्ट-साखर कमी असलेल्या) एग सॅलडला दह्याने पाणी सुटतं म्हणून मेयोच (मेयोनीज) बरं असं काहीजण म्हणतात, त्यातलं पहिलं पटलं, दुसरं नाही. बाजारच्या एगलेस मेयोचं पाकीट उलटून बघा, साखर आणि स्टार्च बहुतेकदा असतातच, मग लो कार्ब कसलं! त्यापेक्षा श्रीखंडाला करतो तसा चक्का घ्या, त्यात थोडी मोहरीची पूड, मिरपूड, लिंबू, आणि उकडलेले बलक त्यातच कुस्करायचे म्हणजे मेयोसारखं दाट होतं. पाणी खरं तर काकडीचंच जास्त, तिला मीठ लावून दहा मिनिटं ठेवा नि घट्ट पिळा (मग वरून मीठ बेतानेच).

आणि आता अंडी सोलायचं. अगदी ताजी अंडी घेऊ नका, साल पांढऱ्याला चिकटून निघतं, आठवडाभर फ्रीजमध्ये राहिलेली छान सुटतात कारण अंडं जुनं होताना आतला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पांढरा भाग जास्त अल्कलाइन (आम्लाच्या उलट) होतो. उकळत्या पाण्यात १० मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात. जास्त उकळलं तर बलकाभोवती हिरवट कडं येतं, ते अंड्यातल्याच लोह-गंधकाचं, खायला काही धोका नाही पण सॅलड कळकट दिसतं.