मदत हवी आहे: नववा आठवडा आणि रुबेला आयजीजी निगेटिव्ह, घरच्यांनी काय करायचं?

नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्या धाकट्या बहिणीला गरोदरपणाचा नववा आठवडा लागलाय. काल रिपोर्ट आले, बाकी सगळं नॉर्मल, फक्त एका ओळीखाली डॉक्टरांनी निळ्या पेनाने दोनदा रेघ मारलेली, रुबेला आयजीजी निगेटिव्ह. म्हणजे रुबेला या अंगावर पुरळ आणणाऱ्या विषाणूच्या आजाराविरुद्ध तिच्या अंगात प्रतिकारशक्तीच नाही. आता लस देता येत नाही कारण ती जिवंत विषाणूची असते, बाळंतपणानंतर बघू, तोवर अंगावर पुरळ असलेल्यांपासून लांब राहा, एवढं सांगितलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

आई म्हणते हिला लहानपणी गोवर येऊन गेलाय, कशाला घाबरता. पण गोवर वेगळा, रुबेला वेगळा, एक झाला म्हणून दुसऱ्यापासून सुटका नाही. तिचं जुनं लसीचं कार्ड शोधलं, घडीवर फाटलंय, गोवरासमोर तारीख आहे आणि रुबेलाचा रकानाच नाही.

पुरळवाल्यांपासून लांब राहायचं तरी कसं? पुरळ उठायच्या आठवडाभर आधीपासून माणूस आजार पसरवतो आणि कित्येकांना पुरळ उठतच नाही. पहिल्या १२ आठवड्यांत आईला लागण झाली तर बाळाला बाधा होण्याची शक्यता ९० टक्क्यांपर्यंत असते, मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयाचे दोष, कधी गर्भपातही. हे वाचल्यापासून ती झोपलेली नाही.

तिचा नवरा दिवसभर लोकांत फिरतो, त्याच्या लसीची काही नोंद नाही. त्याने आधी टेस्ट करावी की सरळ एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची एकत्र लस) घ्यावी? घरातल्या माणसाने ती घेतली तर गरोदर बाईला त्रास होत नाही असं वाचलंय, पण अंगात प्रतिकारशक्ती यायला दोनतीन आठवडे जातात, म्हणून टेस्टमध्ये वेळ घालवू नये असं मला वाटतं. कुणी केलंय का असं? आणि बाळंतपणानंतर घरी सोडायच्या गडबडीत तिची लस राहू नये म्हणून फाईलवर आत्ताच काय लिहून घ्यायचं? अंगावर पाजत असताना ती चालते एवढं माहीत आहे.

खरा राग मला याचा येतोय की मूल हवंय म्हणून सहा महिन्यांपूर्वी ती याच दवाखान्यात गेली होती, फॉलिक अॅसिड दिलं, रुबेलाचं कुणी विचारलंसुद्धा नाही. तेव्हा एक इंजेक्शन आणि महिनाभर थांबणं, एवढ्यात काम झालं असतं. ऑस्ट्रेलियात डोळ्यांचे डॉक्टर नॉर्मन ग्रेग यांनी बाळांचे मोतीबिंदू आणि आईचा रुबेला यांचा संबंध १९४१ मध्ये दाखवलाय हो! लहान मुलांना लस मिळते ते उत्तमच, पण मधल्या मधे राहून गेलेल्या मोठ्यांचं काय? जपानने १९७७ पासून आधी फक्त शाळकरी मुलींना लस दिली, मग २०१२-१३ च्या साथीत आजारी पडले ते मुख्यतः मोठे पुरुष, आणि ४५ बाळं जन्मजात रुबेला घेऊन आली. शेवटी २०१९ पासून त्या वयाच्या पुरुषांना टेस्ट आणि लस फुकट द्यायला लागले.

आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम १२ मध्ये आरोग्याचा हक्क आहे, त्यात साथीचे रोग रोखणं आणि बाळाची निकोप वाढ दोन्ही येतं. त्याचा आधार घेऊन आरोग्य खात्याला अर्ज करायचाय, की गर्भधारणेआधीची टेस्ट आणि लस सगळ्यांना विनामूल्य द्या. असा अर्ज कुणी लिहिला असेल तर मसुदा द्याल का प्लीज?

गुरुवारी तिची पुढची तपासणी आहे, नवऱ्याच्या लसीचं त्याआधी कुणी सांगितलं तर फार बरं होईल.