प्रतिसाद: कोराच कप का बंद पडला?

कोराच कप ही युरोपातल्या क्लबांची बास्केटबॉल स्पर्धा प्रेक्षकांअभावी बंद पडली, असं वर म्हटलंय. माझ्या मते खरं कारण २००० मधली फिबा (जागतिक बास्केटबॉल महासंघ) आणि युलेब (युरोपातल्या लीगांची संघटना) यांची फारकत. क्लब विभागले गेले, २००२ मध्ये युलेब कप आला आणि १९७२ पासूनची ही तिसऱ्या फळीची स्पर्धा नॅन्सी या फ्रेंच क्लबच्या विजेतेपदावर थांबली.

दोन सामन्यांच्या फायनलमध्ये गुणांची बेरीज धरत. १९८९ मध्ये बेलग्रेडचा पार्टिझान पहिल्या सामन्यात इटलीच्या कान्तूकडे ७६-८९ हरला. म्हणजे घरी नुसतं जिंकून भागणार नव्हतं, किमान १४ गुणांची आघाडी हवी होती. दिवाच, जॉर्जेविच, पास्पाल्य, दानिलोविच अशी पोरं संघात, घरचा सामना जिंकला १०१-८२! एकूण १७७-१७१. अशी चुरस एका सामन्याच्या फायनलला येतच नाही.

ज्याच्या नावाने ही स्पर्धा होती, त्या युगोस्लाव्ह खेळाडू रादिवोय कोराचचं नाव मात्र सर्बियाच्या राष्ट्रीय कपने जपलंय.