स्काऊट-गाईडचे दिवस: बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे अनुभव लिहा

खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात मी शिकवते. आमच्या शाळेचं पथक चार वर्षांपूर्वी बंद पडलं. स्काऊटचे सर निवृत्त झाले आणि त्याच महिन्यात सगळं थांबलं. यंदा जूनमध्ये मुलींनी अडगळीच्या खोलीतून निळा ध्वज शोधून काढला आणि विचारलं, "बाई, हे काय असतंय?" लाठ्यांना वाळवी लागली होती.

मी 7 दिवसांचा बेसिक कोर्स करून आले. 1907 साली स्काऊट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावर 20 मुलांचं शिबिर घेतलं, 1909 मध्ये भारतातलं पहिलं पथक आपल्याच राज्यात बंगळुरात निघालं, 7 नोव्हेंबर 1950 ला निरनिराळ्या संघटना एकत्र येऊन भारत स्काऊट्स अँड गाईड्स झाली, हे सगळं वहीत उतरवून घेतलं. पण शनिवारी सकाळी मुलं समोर उभी राहिली की काय करायचं, ते वहीत सापडत नाही. या भागात ज्यांनी पथकात दिवस काढलेत किंवा पथक चालवलंय, त्यांनी लिहावं. छोटी गोष्ट असली तरी चालेल. फसलेलंही लिहा, मला तेच जास्त हवंय.

वडगाव, बेळगाव

बाई, मी विणकराच्या घरातली. घरात दोन माग, दिवसभर खटखट. सातवीत गाईडला नाव दिलं ते आप्पांना न विचारता. मग हरिहरजवळच्या कोंडज्जीला पाच दिवसांचं शिबिर ठरलं आणि विचारणं भाग पडलं. "पोरीच्या जातीनं पाच रात्री भाईर कशाला ऱ्हायाचं?" म्हणून आप्पांनी साफ नाही म्हटलं. आई गप्प.

आमच्या कॅप्टन टीचर, म्हणजे गाईडचं पथक चालवणाऱ्या बाई, धारवाडकडच्या, घरी कन्नड बोलणाऱ्या. मराठी तोडकंमोडकं. एका संध्याकाळी त्या आमच्या घरी आल्या, मागाशेजारी पाटावर बसल्या, चहा घेतला. शिबिराचं नावसुद्धा काढलं नाही. पिशवीतून दोरीचे दोन तुकडे काढले, एक जाड, एक बारीक, आणि मला म्हणाल्या, "शीट बेंड मार बघू." आप्पा बघताहेत म्हटल्यावर माझे हात चुकायला लागले. आप्पांनी माग थांबवला, उठून आले, दोरी माझ्या हातातून घेतली आणि बघता बघता गाठ मारली. "ही व्हय? ताण्याचा धागा तुटला की दिवसातनं पन्नासदा मारतो की मी ही."

तीच गाठ होती. तिला विणकराची गाठ असंही म्हणतात. टीचरना ते ठाऊक होतं आणि मुद्दाम तीच घेऊन त्या आल्या होत्या, हे त्यांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

पुढच्या शनिवारी आप्पा शाळेच्या मैदानावर आले. स्वच्छ धोतर, डोक्याला टोपी. गाठ बारीक का ठेवायची ते त्यांनी मुलींना समजावलं: जाड झाली तर ती फणीतून जात नाही, अडकते आणि शेजारचे धागेही तोडते. आप्पा मराठीत सांगत होते, टीचर कन्नड मुलींसाठी तेच कन्नडमध्ये सांगत होत्या. मी कोंडज्जीला गेले. परत आले तेव्हा स्टेशनवर आप्पाच उभे होते.

आता मी शहापुरात लहान मुलींचं बुलबुल पथक बघते. माझं ऐकाल तर पालकांना पत्रक पाठवू नका. घरी जा. ज्या घरात जाल, त्या घरचं काहीतरी तुमच्या पथकात आधीपासून असतंच, ते शोधा.

भीमगडच्या बाजूचं एक गाव, खानापूर तालुका

आमगाव, गवाळी, कृष्णापूर या पट्ट्यातला मी. पावसाळ्यात आमच्याकडं रस्ता म्हणजे चिखल आणि ओढे. गाडी येत नाही. आजाऱ्याला उचलूनच न्यावं लागतं, किलोमीटरच्या किलोमीटर. पूर्वीपासून एका बांबूला कांबळं बांधून झोळी करायचे. त्यात माणूस मुटकुळं होऊन पडतो. ताप असेल तर ठीक, पण पाय मोडला असेल, कंबर दुखावली असेल तर प्रत्येक पावलाला जीव जातो.

आठवीत वसतिगृहात असताना स्काऊटमध्ये दोन लाठ्या आणि एका घोंगड्याचं स्ट्रेचर शिकलो. घोंगडं पसरायचं, एका बाजूनं एक तृतीयांश अंतरावर लाठी ठेवायची, त्यावर घोंगडं दुमडायचं, दुमडलेल्या कडेवर दुसरी लाठी, मग उरलेली बाजू तिच्यावरून आत. गाठ एकही नाही. माणसाच्या वजनानंच घोंगडं आवळून बसतं. चौघांनी पाय जुळवून चालायचं नाही, हेही तिथंच कळलं. पावलं जुळली की स्ट्रेचर झोके खातं.

माझी चुलती अंगणात घसरून पडली तेव्हा मी सुट्टीला घरी होतो. गावातल्या बाप्यांना वाटलं पोरगं खेळ मांडतंय. मी आधी माझ्या धाकट्या भावाला त्यात झोपवून चौघांना उचलायला लावलं, मग चुलतीला ठेवलं. चढावर डोकं पुढं, उतारावर पाय पुढं. माणसं बदलायला आळीपाळीनं आठ जण. दवाखान्यापर्यंत पोचलो. आज गावात सगळेच तसं बांधतात, कुणाला शिकवावं लागत नाही.

रस्ता व्हायलाच पाहिजे. त्याला स्ट्रेचर हे उत्तर नव्हे. पण बाई, तुमच्या शाळेत जंगलातल्या गावांची पोरं असतील. त्यांना पहिल्या महिन्यात हे शिकवा, संचलन मागाहून होईल.

निपाणी भाग

ऑगस्ट 2019. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा सगळ्याच एकदम चढल्या. मी तेव्हा रोव्हर, म्हणजे मोठ्या वयाचा स्काऊट होतो, कॉलेजात. एका शाळेतल्या गंजी केंद्रावर, म्हणजे पूरग्रस्तांच्या छावणीवर, आम्ही सहा जण गेलो. पहिल्या रात्री जेवणाच्या रांगेवरून भांडणं झाली, म्हातारी माणसं मागं राहिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही पथकात करतो तेच केलं. प्रत्येक वर्ग म्हणजे एक संघ आणि प्रत्येक संघाला एक नायक, त्यांच्यातलाच. एका वर्गानं सत्तरीच्या आज्जींना नायक केलं. त्यांच्या वर्गात कोण जेवलं नाही, कुणाला साखरेची गोळी लागते, कुठल्या बाळाला दूध हवं, हे आज्जींना तोंडपाठ. आम्हाला वहीसुद्धा लागली नाही. जुलाब सुरू झाले तेव्हा लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्याला चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण त्याच प्रत्येक घागरीपाशी बसून करून घ्यायच्या.

पूर ओसरल्यावर लोक चिखल काढायला गेले. आज्जी आम्हाला भाकरी-चटणी बांधून देऊनच निघाल्या. त्यांचं स्वतःचं घर पडलं होतं.

बेळगाव, टिळकवाडी

नोंदी जपा. माझ्या मुलाची तृतीय सोपानपर्यंतची, म्हणजे स्काऊटच्या तिसऱ्या पायरीपर्यंतची कागदपत्रं एका कार्यालयात गहाळ झाली. दुसरी प्रत कुणाकडंच नव्हती, आणि तो राज्यपुरस्काराच्या परीक्षेला बसू शकला नाही. त्या पोरानं तीन वर्षं एक शनिवार चुकवला नव्हता. प्रत्येक मुलाची लॉगबुक शाळेत आणि घरी, दोन्हीकडं ठेवा.

येळ्ळूर

फसलेलं लिहा म्हणालात म्हणून लिहितो. मी नवा स्काऊट मास्तर. पथकाला घेऊन राजहंसगडावर गेलो. उतरताना अंधार पडला. पायथ्याशी मोजले तर एक कमी. पुन्हा मोजले, तरी एक कमी. सहावीतला मुलगा, त्याची आई एकटी, शेतमजुरी करणारी.

मी वर धावत सुटणार, इतक्यात संघनायकानं हात धरला. "सर, तो जागा सोडणार नाही. हरवलास तर आहेस तिथंच थांब, शिट्टी वाजव, असं तुम्हीच सांगितलंय." आम्ही सगळे गप्प राहिलो. मिनिटभरानं वरून तीन शिट्ट्या. थोडं थांबून पुन्हा तीन. वळणावरच्या दगडापाशी बसला होता. बुटाची नाडी बांधायला थांबला आणि मागं राहिला. मला बघून रडला नाही. उभा राहून त्यानं डावा हात पुढं केला, आम्ही हस्तांदोलन करतो तसा. माझा हात थरथरत होता.

चूक माझी होती. मी पुढं चालत होतो, शेवटी कुणालाच ठेवलं नव्हतं. त्या दिवसापासून सहा-आठ जणांच्या प्रत्येक संघात संघनायक पुढं आणि उपनायक सगळ्यांत मागं, आणि दर वळणावर मोजणी. त्याच्या आईला मी त्याच रात्री घरी जाऊन सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि पुढच्या सहलीला त्याला पुन्हा पाठवलं. एवढा विश्वास माझ्यावर आजवर दुसऱ्या कुणी टाकलेला नाही.

नंदगड

बाई, लाठ्यांचं बघू नका. आमच्या घरी आठ आहेत, वेताच्या, चांगल्या. मी 17 वर्षांचा होईपर्यंत पथकात होतो, आता दुकान बघतो. शनिवारी सकाळी दुकान दहाला उघडतं, त्याआधी दोन तास मोकळा असतो. शाळा कुठली ते कळवा, पहिले चार शनिवार मी येतो. घोंगडं मुलांना घरून आणायला सांगा.