ओटा गेला, आता बसायचं कुठं? खान्देशातले अनुभव लिहा

आमच्या अमळनेरच्या गल्लीत कोपऱ्यावर दगडी ओटा होता. रस्ता रुंद झाला, ओटा गेला. नाना (माझे वडील, वय 78) तेव्हापासून घरातच. 2011 च्या जनगणनेतच राज्यात साठीपुढचे जवळपास 10 टक्के होते, आता तर गल्लीत जास्त तेच दिसतात. तुमच्याकडची म्हातारी मंडळी कुठं जमतात?

भुसावळ
मी रेल्वेतून निवृत्त. आमची बैठक चहाच्या टपरीमागच्या निंबाखाली. कोणी ड्रायव्हर, कोणी गार्ड. भोंगा वाजला की सगळे अजूनही घड्याळ बघतात. मध्यंतरी आमच्यासाठी खास पत्र्याची शेड बांधून दिली. मे महिन्यात पारा 45 च्या घरात गेल्यावर तिच्यात भाकर भाजून निघेल! उद्घाटनाचा फलक तेवढा सावलीत आहे. आम्ही परत निंबाखाली.

धुळे
आमच्याकडं हॉल आहे, पंखे आहेत, कॅरम आहे. बायका मात्र अर्ध्या तासात उठतात. लोकांना वाटतं, घरकामाची ओढ. अहो, बाथरूमला कुलूप असतं नि किल्ली मागायची पुरुषांकडं! या वयात ते कोण करणार? आमचं खरं जमणं उन्हाळ्यात, गच्चीवर, बिबडे (ज्वारीचे पापड) घालताना. गुडघ्यामुळं मला खाली बसवत नाही, म्हणून खुर्चीवर बसून कावळे हाकते. गरम घाट्याची (बिबड्यांच्या शिजवलेल्या पिठाची) पहिली वाटी मात्र माझी.

चोपड्याजवळचं खेडं
आमना गावमा पार शे. पन त्यावर पोऱ्हे मोबाईल लिसन बठतस.

पारोळा
हसू नका, पण आमच्या सासऱ्यांचं विरंगुळा केंद्र म्हणजे एसटी स्टँड. 75 पुढच्यांना 2022 पासून एसटी फुकट झाली. ते आधारकार्ड खिशात घालून नऊच्या सुमारास निघतात, जळगावला उतरतात, स्टँडवर चहा घेतात, ओळखीच्या दोघा-तिघांशी बोलतात नि जेवायला परत. सुरुवातीला आम्ही रागावलो. गर्दीत पडले-झडले तर? मग कंडक्टरचाच फोन आला, ‘आप्पा आज दिसले नाहीत, बरे आहेत ना?’ तेव्हापासून गप्प आहोत.

अमळनेर (मीच परत)
हे सगळं नानांना वाचून दाखवलं. शेवटचं पुन्हा वाचायला लावलं नि म्हणाले, ‘पारोळ्याची पहिली गाडी कितीला असते, विचारून ठेव.’