मदत हवी आहे : अकरावीच्या मुलांना कराड-सांगली-मिरजेची महाविद्यालये दाखवायची आहेत

नमस्कार. मी सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. येत्या जानेवारीत अकरावी विज्ञान शाखेच्या ४० विद्यार्थ्यांना (२२ मुलगे आणि १८ मुली) घेऊन कराड, सांगली व मिरज येथील महाविद्यालये दाखवावीत आणि त्याला जोडून थोडे स्थलदर्शनही घडवावे, असा विचार आहे. ज्यांनी अशा सहली नेल्या आहेत किंवा जे या महाविद्यालयांत शिकले वा शिकवत आहेत, त्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

आमच्या भागातील बऱ्याच घरांतील कर्ता पुरुष गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या व्यवसायानिमित्त केरळ, तमिळनाडू, बंगाल अशा दूरच्या मुलखात असतो. मुलगा बारावी झाला की त्याला दुकानावर बोलावून घेतात. त्या धंद्याबद्दल मला आदरच आहे, कारण दुष्काळात या तालुक्याला त्यानेच जगवले. पण ज्या मुलाचे हात यंत्राकडे ओढ घेतात, त्याने अभियांत्रिकी महाविद्यालयाची कार्यशाळा एकदाही न पाहता आयुष्याचा निर्णय घ्यावा, हे मला पटत नाही. जी मुले सीईटी देतात, त्यांचेही फारसे वेगळे नसते. चार वर्षे जिथे काढायची ते महाविद्यालय सायबर कॅफेत, मागे रांग उभी असताना, कॅफेवाल्याच्या सल्ल्याने पर्याय भरून ठरते.

गेल्या वर्षी मी असा एक प्रयत्न केला होता आणि तो फसला. महाविद्यालयाशी केवळ दूरध्वनीवर बोलणे झाले होते. आम्ही पोहोचलो त्या दिवशी तिथे परीक्षा चालू होत्या, त्यामुळे तासभर फाटकाबाहेर थांबून शेवटी फक्त मुख्य इमारतीच्या व्हरांड्यातून फेरी मारून परत यावे लागले. सगळी मुले छायाचित्रे काढत असताना एक मुलगी सूचनाफलकाच्या काचेला बोट लावून प्रवेशयादी वरून खाली वाचत होती. काय शोधतेस म्हणून विचारले, तर म्हणाली, "सर, आपल्याकडचं कोण हाय का बघत्या." यादी संपेपर्यंत ती तिथून हलली नाही. यंदाची सहल तिच्यासारख्या मुलींसाठी आहे असे समजा. ती स्वतः आता बारावीत आहे, तेव्हा तिला नेता येणार नाही याची रुखरुख आहेच.

आता अडचणी सांगतो. पहिली आणि मुख्य अडचण ही की महाविद्यालय चालू स्थितीत कसे पाहायला मिळेल? प्राचार्यांचे स्वागतपर भाषण आणि माहितीपत्रक एवढ्यावर भागणार नाही. लेथ यंत्रावर काम करणारी मुले, प्रयोगशाळेतील तास, वसतिगृहाची खानावळ हे सारे मुलांच्या दृष्टीस पडावे. माझ्या मनात कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, सांगलीच्या विश्रामबागेतील वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आणि विलिंग्डन महाविद्यालय, तसेच जीवशास्त्र घेतलेल्या १४ मुलांसाठी मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. हे सर्व एका दिवसात उरकणे बरे, की दोन दिवस करावेत?

दुसरे असे की स्थलदर्शनाशिवाय पालक वर्गणी देणार नाहीत, आणि मुलांचा आग्रह महाबळेश्वरचा आहे. प्रत्येकी ६०० रुपयांपलीकडे जाणे शक्य नाही. एसटीच्या प्रासंगिक करारावर, म्हणजे सहलीपुरती पूर्ण बस भाड्याने घेतल्यास, शैक्षणिक सहलींना सवलत मिळते, तिचाच आधार आहे. तिसरी अडचण संमतिपत्राची. ज्यांचे वडील दीड हजार किलोमीटरवर आहेत, त्यांची सही कशी मिळवावी?

प्रतिसाद (एक निवृत्त प्राध्यापक, सांगली)

सर, आपला धागा वाचून राहवले नाही म्हणून सविस्तर लिहीत आहे. फाटकावर अडकण्याचे कारण बहुतेक वेळा पत्राचा मसुदा असतो. "महाविद्यालय पाहण्यास परवानगी मिळावी" असे मोघम पत्र कार्यालयात टेबलावरून टेबलावर फिरत राहते. त्याऐवजी आपल्या प्राचार्यांच्या सहीने, संस्थेच्या लेटरहेडवर, नेमका विभाग आणि नेमकी वेळ मागावी. उदाहरणार्थ, यंत्र अभियांत्रिकीच्या कार्यशाळेतील प्रथम वर्षाचे प्रात्यक्षिक सकाळी ११ ते १२ या वेळेत पाहू द्यावे, असे लिहावे. पत्राची प्रत विभागप्रमुखांना द्यावी आणि जाण्यापूर्वी आठवडाभर आधी स्वतः एकदा जाऊन यावे. जानेवारीचा उत्तरार्ध निवडलात तर पहिल्या सत्राच्या परीक्षा आटोपून दुसऱ्या सत्राचे तास सुरळीत झालेले असतात. तरीही त्या वर्षीचे परीक्षेचे वेळापत्रक पत्र देतानाच विचारून घ्यावे.

चारही महाविद्यालये एका सहलीत घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. तिसऱ्या ठिकाणी मुले थकतात आणि सगळ्या प्रयोगशाळा सारख्याच वाटू लागतात. सांगलीला येणार असाल तर सकाळी वालचंद पाहावे. दुपारी जीवशास्त्राची मुले एका शिक्षकासोबत मिरजेस पाठवावीत. त्यासाठी अधिष्ठात्यांच्या नावे स्वतंत्र पत्र लागेल. उरलेल्यांना विलिंग्डन दाखवावे. १९१९ पासूनचे ते महाविद्यालय आहे, आणि मूलभूत विज्ञान शिकण्याचाही एक रस्ता असतो हे मुलांना तिथे दिसेल. आजकाल घरोघरी अभियांत्रिकी आणि वैद्यकीय एवढेच दोन शब्द ऐकू येतात.

संध्याकाळी सर्वांनी मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांकडे अवश्य जावे. आपण भौतिकशास्त्राचे शिक्षक आहात म्हणून मुद्दाम सांगतो. वाळवलेल्या भोपळ्याचा तंबोरा तयार झाल्यावर कारागीर घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली दोरा सरकवत जवारी जुळवतो. दोरा केसभर पुढे गेला की तीच तार एकदम भरून वाजू लागते. बारावीत अधिस्वर शिकवताना फळ्यावर जे सांगून कळत नाही, ते तिथे कानांना कळते. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीही तंबोऱ्याच्या या घोडीवर संशोधन केले होते. मात्र कारागिरांची घरे लहान असतात, तेव्हा दहा-दहा मुलांचे गट करावेत आणि आधी कळवावे.

प्रतिसाद (एक शिक्षिका, कराड)

सर, महाबळेश्वरऐवजी मुलांना कराडजवळच्या टेंभूला घेऊन या. आपल्या तालुक्यातील शिवारात जे कृष्णेचे पाणी येते, ते टेंभू येथे अडवून टप्प्याटप्प्याने पंपांनी वर चढवलेले असते. पाणी कालव्यातून येते एवढेच मुलांना ठाऊक असते. नदी खाली आणि आपले रान वर असताना ते येते कसे, हे पंपगृहासमोर उभे राहून पाहिल्यावर अभियांत्रिकी म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही. यासाठी जलसंपदा विभागाच्या कार्यालयाची लेखी परवानगी लागेल, ती महिनाभर आधी मागावी. टेंभू हे गोपाळ गणेश आगरकरांचेही जन्मगाव. १८५६ साली तिथे जन्मलेला हा गरीब मुलगा कराडला आणि पुढे पुण्याला शिकायला गेला, आणि १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक झाला. वर प्राध्यापकांनी सुचवलेले विलिंग्डन त्याच संस्थेचे आहे. मुलांना ही ओळ जोडून दाखवता येईल.

शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय विद्यानगरात, आपल्या विट्याकडून येणाऱ्या रस्त्यालाच लागून असलेल्या भागात आहे. त्यामुळे कराडचा एक दिवस आणि सांगलीचा दुसरा, असे करून दोन्ही रात्री मुलांना घरी पोहोचवता येईल. मुक्काम टळला की खर्च वाचतो आणि मुलींचे पालकही निर्धास्त राहतात. तरी सोबत दोन शिक्षिका हव्यातच. परतीचा प्रवास मात्र दिवसाउजेडी सुरू करावा. जानेवारीत ऊसतोडीचा हंगाम असतो, आणि मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या व बैलगाड्या अंधारात अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत.

कराडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांच्या समाधीचे दर्शन घ्यावे, पण एकाही मुलाला पाण्यात उतरू देऊ नये. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात सहलीला गेलेली १४ मुले बुडाली. तेव्हापासून मी नदीकाठी हजेरी दोनदा घेते, उतरताना आणि निघताना.

धागाकर्ता

प्राध्यापक महोदय आणि बाई, दोघांचेही मनःपूर्वक आभार. टेंभूचे मला सुचायला हवे होते. माझ्या स्वतःच्या शेताला तेच पाणी आहे. आज वर्गात महाबळेश्वर रद्द झाल्याचे सांगितले तेव्हा मुले हिरमुसली, पण "आपलं पाणी कुठनं चढतंय ते बघायचं" म्हटल्यावर मागच्या बाकावरील दोघांनी लगेच उंची किती, पंप किती अश्वशक्तीचे, असे विचारले. उत्तर तिथेच विचारून घ्या, असे सांगितले आहे.

आता कराड आणि सांगली असे दोन स्वतंत्र दिवस, मध्ये आठवड्याचे अंतर ठेवून, निश्चित करत आहे. शिक्षणाधिकारी कार्यालयाकडे पाठवायचा प्रस्ताव आणि सर्व परवानगीपत्रे या आठवड्यात तयार होतील. संमतिपत्राचा प्रश्न अजून सुटलेला नाही. वडील गावी नसताना आईची सही पुरेशी मानली जाते का, की वडिलांनी सही करून मोबाइलवर पाठवलेली प्रतही जोडावी लागते? अलीकडे ज्यांनी सहलीचा प्रस्ताव मंजूर करून घेतला आहे, त्यांनी कृपया कळवावे. ११ मुलांचे अर्ज एवढ्यासाठी अडून आहेत.